जिप्सम सीलिंगवरचा डाग आणि भेग दरवर्षी परत का येते, आणि आम्ही ती कशी थांबवली

दिवाळीच्या तोंडावर हॉलचं फॉल्स सीलिंग पांढरंशुभ्र रंगवून घ्यायचं आणि पुढच्या श्रावणात त्याच जागी तोच चहाच्या रंगाचा डाग बघायचा. आमच्या ठाण्याच्या घरात हे सलग तीन वर्षं झालं. डागापासून हातभर अंतरावर बोर्डाच्या सांध्यात केसाएवढी भेग होती. तीही तीनदा भरली, तीनदा उघडली. तिसऱ्या वर्षी पेंटर म्हणाला, "ताई, अजून एक हात मारतो, परत दिसणारच नाही." तोवर त्या जागेवर रंगाचे सहा हात झाले होते.

चौथ्या वर्षी मी रंगाच्या डब्याला हातच लावला नाही. आधी डाग कुठून येतो आणि भेग का उघडते ते शोधलं, मग दुरुस्ती केली, रंग सगळ्यात शेवटी. त्यानंतर दोन पावसाळे गेले, सीलिंग जसंच्या तसं आहे. ज्यांच्याकडे हेच चक्र चालू आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी सीलिंग कशाचं आहे ते बघा

आपल्याकडे सगळ्यालाच "पीओपी" म्हणायची सवय आहे. पण जागेवर जाळी बांधून, ओलं पीओपी थापून केलेलं सीलिंग वेगळं आणि पत्र्याच्या चॅनेलवर तयार जिप्सम बोर्ड स्क्रूने ठोकलेलं सीलिंग वेगळं. ओळखायला सोपं आहे. एखादा डाउनलाइट खाली ओढून भोकाची कड बघा. दोन्ही बाजूंना कागद आणि मध्ये साधारण साडेबारा मिलिमीटरचा पांढरा गाभा दिसला तर ते बोर्ड. पुढचं सगळं बोर्डाबद्दल आहे. डाउनलाइटला हात लावण्याआधी त्या खोलीचा एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा मुख्य खटका) खाली करा. सीलिंगच्या वर ओल आणि वायरी एकत्र असू शकतात, हे विसरू नका.

बोर्डाचा कागद नुसता सजावटीला नसतो. बोर्डाची बरीचशी ताकद त्या कागदात असते. तो भिजून सुटला की आतला गाभा खडूसारखा बोटाने उकरता येतो. शिवाय जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं. लिटरभर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम, म्हणजे एकदा पाणी सांडलं तर काही बिघडत नाही. पण रोज थेंब थेंब पडत राहिला तर गाभा पोकळ होत जातो, आणि खालून रंग मात्र शाबूत दिसतो.

डाग कधी वाढतो ते लिहून ठेवा

या सगळ्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे पेन्सिल. जूनमध्ये डाग उगवल्यावर मी घडीच्या शिडीवर चढून त्याच्या कडेने रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. दर आठवड्याला नवी रेघ, नवी तारीख. महिना-दीड महिन्यात सीलिंगवर झाडाच्या खोडासारखी वलयं तयार झाली आणि त्यांनीच उत्तर दिलं.

आम्ही तोवर गृहीत धरलं होतं की गळती वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमची आहे. आईंनी तर काकूंकडे दोनदा विषयही काढला होता आणि जिन्यातलं बोलणं थोडं तुटलं होतं. पण काकूंचं बाथरूम आमच्या डागाच्या बरोबर वर नव्हतंच, ते पाच-सहा फूट बाजूला होतं. तरी पाणी स्लॅबमधून वाट काढत दूरवर उतरू शकतं, म्हणून खात्री करून घेतली. काकूंच्या परवानगीने त्यांच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप कापडाच्या बोळ्याने बंद केला, दोन इंच पाणी साठवलं, त्यात लाल रंग घातला आणि 24 तास ठेवलं. आमच्याकडे लाल थेंबही उतरला नाही.

मग पाऊस? आषाढात आम्ही आठ दिवस रत्नागिरीला गावी गेलो होतो. त्या आठवड्यात ठाण्यात धो धो पाऊस पडला. परत येऊन बघते तर डाग रेघेच्या आतच. आणि गणपतीत, पाऊस बराच उतरलेला असताना, घरात पाहुणे आणि एसी दिवसरात्र चालू, तेव्हा पाच दिवसांत डाग रेघ ओलांडून दोन बोटं पुढे गेला.

तिथे डोक्यात प्रकाश पडला. एसीचा तांब्याचा पाइप फॉल्स सीलिंगच्या वरून बाल्कनीकडे जातो. एसी चालू असताना गॅसचा परतीचा पाइप चांगलाच गार असतो, आणि पावसाळ्यात मुंबई-ठाण्याची हवा इतकी दमट असते की साधारण 25 अंशांपेक्षा गार झालेल्या कुठल्याही गोष्टीला घाम फुटतो. त्यासाठीच पाइपावर काळ्या फोमची नळी चढवलेली असते. आमच्याकडे सीलिंगच्या चॅनेलची धार त्या फोमवर टेकली होती आणि घासून घासून वीतभर फोम फाटला होता. उघड्या तांब्यावर पाणी जमायचं आणि खाली बोर्डावर टपकायचं. पाइप कुठे फुटला नव्हता, छप्पर गळत नव्हतं. म्हणून प्लंबर येऊन "सगळं ठीक आहे" म्हणून जायचा, आणि त्याचंही खोटं नव्हतं.

तुमच्याकडे कारण वेगळं निघेल, पण वेळेवरून अंदाज बांधता येतो. बारा महिने ओल असेल तर वरचं बाथरूम, स्वयंपाकघर किंवा पाण्याची लाइन. पाऊस सुरू झाल्यावर दोन-चार दिवसांनी वाढत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. फक्त एसी चालू असतानाच वाढत असेल तर फोम किंवा तुंबलेला ड्रेन पाइप. आणि अजिबातच वाढत नसेल, नुसता रंगातून परत परत वर येत असेल, तर गळती कधीच थांबलेली असू शकते. मग तो जुनाच डाग आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

गळती गच्चीची किंवा सामायिक पाइपची निघाली तर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे ती दुरुस्ती सोसायटीने करायची असते. वरच्या घरातल्या बाथरूमची किंवा सिंकची असेल तर त्या सभासदाने. पत्र लिहिण्याआधी रंगीत पाण्याची चाचणी मात्र नक्की करा. आमच्याकडे पत्राचा कच्चा मसुदा तयार होता आणि त्यात काकूंचा दोष शून्य होता. नंतर आई स्वतः वर जाऊन त्यांना हे सांगून आल्या.

कापायचं की ठेवायचं

गळती थांबली की लगेच दुरुस्ती सुरू करू नका. आधी वाळू द्या. पावसाळ्यात भिजलेला स्लॅब वरून कोरडा दिसला तरी आत कित्येक आठवडे ओल धरून ठेवतो. दसरा-दिवाळीच्या घाईत रंगवलेली सीलिंगं पुढे पोपडे धरतात, त्याचं हे एक मोठं कारण आहे. स्लॅबची ओल बघायची असेल तर दीड फूट चौकोनी जाड प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि दिवसभराने बघा. आतून दव धरलं असेल तर थांबा.

बोर्डाचं मात्र अंगठ्याने कळतं. डागाच्या मधोमध दाबा. दबलं, कागद सरकला किंवा ठोकल्यावर आवाज बद्द आला तर तेवढा भाग कापायचाच. काळे ठिपके असतील तर ती बुरशी आहे आणि कागद हे तिचं खाणं आहे. वरून ब्लीच फिरवून ती मरत नाही, मुळं कागदात उरतात. तो भागही कापा. बोर्ड कडक असेल, कागद घट्ट असेल आणि नुसता रंग पिवळा असेल तर कापायची गरज नाही.

सीलिंगला पोट आलं असेल आणि आत पाणी साचल्याची शंका असेल, तर खाली बादली धरून पोटाच्या मध्यावर स्क्रू ड्रायव्हरने एक भोक पाडा. छोटं भोक बुजवता येतं. अख्खा बोर्ड पाण्याच्या वजनाने खाली आला तर माणसालाही लागतं.

आमच्याकडे मधला दोन फूट बाय दीड फुटाचा भाग मऊ होता, बाहेरचं पिवळं वलय कडक होतं. मऊ भाग चॅनेलच्या मध्यापर्यंत चौकोनी कापून काढला. जुनी कड आणि नवा तुकडा, दोन्हींना बसायला त्याच चॅनेलवर जागा हवी, म्हणून मध्यापर्यंत. जिथे चॅनेल मिळत नाही तिथे आतून लाकडी पट्टी आडवी घालून दोन्ही बाजूंनी स्क्रू मारायचे, नाहीतर तुकडा लोंबकळत राहतो आणि भेग ठरलेलीच. कापण्याआधी वर हात घालून वायरी चाचपून घ्या (एमसीबी खालीच हवा) आणि नाका-तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा लावा. वर बघत कापताना सगळी भुकटी डोळ्यांत येते.

फाटलेला फोम काढून पाइपावर नवा चढवला, जोडांवर टेप गुंडाळली आणि पाइप चॅनेलपासून वेगळा बांधला. मगच तुकडा. स्क्रू 25 मिलिमीटरचे, साधारण नऊ इंचांवर एक, कडांना थोडे जवळ. स्क्रूचं डोकं कागदात किंचित रुतलं पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. कागद फाटला तर तो स्क्रू धरत नाही. शेजारी दीड-दोन इंचांवर दुसरा मारा.

सांधा: भेग इथेच जन्माला येते

आता भेगेकडे वळते. भेग म्हणजे रंग सुकला किंवा वाईट निघाला असं बहुतेकांना वाटतं. खरं म्हणजे तिथे दोन बोर्ड एकमेकांपासून हलतात. उन्हाने, एसीच्या गारव्याने, वरच्या मजल्यावर मुलांनी उड्या मारल्याने सीलिंग रोज कणभर सरकतं. ती हालचाल पेलायला सांध्यात टेप असते. आमचा जुना सांधा खरवडून पाहिला तर आत टेप नव्हतीच. नुसतं पीओपी भरून वर लांबी (पुट्टी) ओढलेली. पीओपी म्हणजे तेच जिप्सम, साधारण 150 अंशांपर्यंत तापवून त्यातलं बरंचसं पाणी काढलेलं. पाण्यात कालवलं की पुन्हा दगड होतं. भराव म्हणून उत्तम, पण ताण पडला की तडकतं. सांध्यात वापरलेली सिमेंटची पुट्टीही तशीच, तिलाही ताण सोसत नाही.

म्हणून भेग वरून बुजवू नका. पत्र्याने (लांबी ओढायच्या पातळ पट्टीने) सांधा इंग्रजी व्हीसारखा उघडा, सुटं ते सगळं काढा, भुकटी ब्रशने झाडा. बोर्ड बोटाने दाबून पाहा. सांध्याजवळ हलत असेल तर आधी दोन-तीन स्क्रू वाढवा. हलत्या बोर्डावर जगातली कुठलीही टेप टिकत नाही.

कागद फाटून आतला तपकिरी थर उघडा पडला असेल तर त्यावर आधी प्रायमरचा पातळ हात मारून सुकू द्या. हे आम्ही पहिल्यांदा केलं नव्हतं. ओलं कंपाउंड (सांधे भरायचा तयार लगदा) लागलं की तो तपकिरी कागद पाणी पितो, पाच मिनिटांत तांदळाएवढे फोड येतात आणि ते घासून जात नाहीत. एकदा फोड आले की सगळं खरवडून पहिल्यापासून.

टेप कागदी घ्या. फायबरच्या जाळीची टेप लावायला सोपी असते, स्वतःच चिकटते, म्हणून कारागिरांना आवडते. पण ती बादलीतल्या तयार कंपाउंडबरोबर तितकी मजबूत होत नाही. जाळी वापरायचीच असेल तर पाण्यात कालवून घट्ट होणारं पावडरचं कंपाउंड वापरा. कागदी टेप मात्र तयार कंपाउंडमध्ये छान बसते.

पद्धत अशी. सांध्यात कंपाउंड भरा आणि वर चार इंच रुंद पातळ थर द्या. तो ओला असतानाच टेप मधोमध ठेवून पत्र्याने एका बाजूकडून दाबत न्या, जास्तीचं कंपाउंड कडेने बाहेर यायला हवं. टेपखाली हवा राहिली तर तिथे पुढे फुगवटा येतो. पूर्ण वाळू द्या. साधारण एक दिवस, दमट दिवसांत दोन. रंग राखाडीवरून एकसारखा पांढरा झाला की वाळलं असं समजा. दुसरा हात आठ इंच रुंद, तिसरा बारा. नव्या तुकड्याच्या कडा कापलेल्या असतात, कारखान्यातल्या कडांसारखा उतार त्यांना नसतो. तिथे उंचवटा येतोच, म्हणून शेवटचा हात दीड फुटापर्यंत पसरवा. रुंद पसरवलेला उंचवटा डोळ्याला दिसत नाही, अरुंद लगेच दिसतो.

एसीच्या किंवा पेल्मेटच्या (पडद्याच्या दांडीवरच्या पेटीच्या) कोपऱ्यातून तिरकी निघणारी भेग वेगळी. सांधा बरोबर कोपऱ्यावर आला की सगळा ताण तिथेच येतो. खात्रीचा उपाय म्हणजे तो बोर्ड बदलून कोपऱ्याभोवती एल आकाराचा एकसंध तुकडा बसवणं. आणि सीलिंग जिथे भिंतीला भिडतं तिथली बारीक भेग टेपने भरायच्या फंदात पडू नका. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगवेगळ्याच हलणार. तिथे रंगवता येणारं अॅक्रिलिक सीलंट भरा. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही.

डाग अडवायचा कसा

उरलेलं पिवळं वलय. गळती थांबल्यावरही ते रंगातून वर का येतं? कागदातले, सिमेंटमधले, धुळीतले पाण्यात विरघळणारे पिवळे अंश तिथे साठलेले असतात. आपला इमल्शन रंग पाण्याचा असतो. तो लावला की ते अंश पुन्हा विरघळतात आणि पाणी उडताना त्याच्याबरोबर पृष्ठभागावर येतात. सहा हात मारा नाहीतर सोळा, प्रत्येक हात त्यांना नव्याने वर घेऊन येतो. पाण्याचा प्रायमरही तेच करतो.

इथे पाणी नसलेला थर हवा. टर्पेंटाइनने पातळ होणारा ऑइल प्रायमर चालतो. आम्ही लाख वापरली. सुतार पॉलिशला वापरतात ती चपडा लाख हार्डवेअरच्या दुकानात मिळते. एक लिटर स्पिरिटमध्ये पाव किलो लाख रात्रभर भिजत घातली, सकाळी काठीने ढवळून कापडातून गाळली. ब्रशने डागावर आणि डागाच्या बाहेर तीन बोटांपर्यंत दोन हात, मध्ये पाऊण तास. स्पिरिट भुरकन पेट घेतं, तेव्हा गॅस बंद, देवापुढची समई शांत आणि खिडक्या सताड उघड्या. लाख मधाच्या रंगाची दिसते, घाबरू नका. सुकल्यावर 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासून वर ऑइल प्रायमरचा एक हात दिला.

मग वीतभर जागेवर इमल्शन लावून एक रात्र थांबले. सकाळी पिवळं काही नव्हतं. ही रात्र नक्की थांबा, सगळं सीलिंग रंगवून मग कळण्यापेक्षा बरं.

घासणं आणि रंग

150 नंबरच्या पेपरने घासा, शेवटी 220. पण कोव्हचे (सीलिंगच्या कडेच्या खाचेत लपवलेले) एलईडी लावून घासा. आजकाल बहुतेक हॉलमध्ये कोव्ह लाइट असतात, त्यांचा उजेड सीलिंगला लागून आडवा जातो आणि दिवसा सपाट दिसणारा सांधा रात्री गादीसारखा उठून दिसतो. कोव्ह नसेल तर टॉर्च सीलिंगला टेकवून आडवी धरा. आमचा पेंटर दिवसाउजेडी काम संपवून जायचा आणि उंचवटे आम्हाला रात्री दिसायचे.

घासल्यावर ओलसर फडक्याने भुकटी पुसा, नाहीतर रंग भुकटीला चिकटतो, बोर्डाला नाही. नव्या कंपाउंडवर आणि उघड्या कागदावर प्रायमर द्यायलाच हवा. ते जुन्या रंगापेक्षा जास्त शोषतात आणि प्रायमर नसेल तर तिथे मंद, कोरडा ठिगळासारखा भाग दिसत राहतो. शेवटचे दोन हात अख्ख्या सीलिंगला द्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत. जुना पांढरा आणि नवा पांढरा कधीच जुळत नाहीत. रंग मॅट घ्या, चकाकी असलेला रंग प्रत्येक खोलगटपणा दाखवतो.

एक गोष्ट आम्ही जास्तीची केली. तुकडा बसवताना पाइपाचा जोड जिथे येतो तिथे फूटभर चौकोनी ट्रॅपडोअर ठेवलं. बंद केल्यावर फक्त चार बारीक रेघा दिसतात. आता दर जुलैत, एसी तास-दोन तास चालल्यावर, मी ते उघडून हात घालते आणि फोमवरून बोटं फिरवते. गेल्या जुलैत फोम कोरडा होता, खालचा बोर्डही. जोडावरच्या टेपचं एक टोक मात्र सुटायला लागलं होतं, ते तिथल्या तिथे पुन्हा गुंडाळलं.